याला आधी कोणी हात लावला होता?

"आता असं करा सर, गॅलरीत जरा उभे राहा. बाहेरच्या युनिटचा पंखा नीट फिरतोय का, तेवढं बघायचं. मी हाक मारेपर्यंत नजर हलवायची नाही."

निवृत्त प्राचार्य गॅलरीत गेले. उभ्या हयातीत त्यांनी असंख्य मुलांना वर्गाबाहेर काढले होते. त्यांना बाहेर काढणारा मात्र हा एकच माणूस होता, आणि तो दर उन्हाळ्यात काढत असे. भर दुपारचे ऊन होते. लोखंडी कठड्याला कोपर टेकताच त्यांनी तो घाईघाईने मागे घेतला आणि पंख्यावर नजर रोखली. पंखा फिरत होता. पंखा फिरतो आहे हे ओळखायला पदवी लागत नाही, पण प्राचार्य त्याच्याकडे संशयास्पद उत्तरपत्रिकेकडे बघावे तसे बघत उभे राहिले. टकलावरून घामाची धार निघाली, भुवईपाशी थबकली आणि चष्म्यात उतरली.

आत मेकॅनिक त्यांच्याच खुर्चीवर बसून त्यांच्याच फ्रिजमधले पाणी सावकाश पीत होता. पेला रिकामा झाला तेव्हा त्याने हाक मारली.

"या सर आत! बघा आता कसं वाटतंय!"

प्राचार्य आत आले, एसीखाली उभे राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, "अरे वा!"

"फर्स्टक्लास ना?"

"फर्स्टक्लास!"

खोलीचे तापमान मघाशी होते तेवढेच होते. वाढले होते ते प्राचार्यांचे.

प्रत्येक कामाच्या शेवटी हा शब्द तो गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घेई, म्हणून आख्खी वस्ती त्याला फर्स्टक्लास याच नावाने ओळखत होती. हे नाव कोणी कौतुकाने ठेवले होते की कुचेष्टेने, याचा त्याने कधी तपास केला नाही. ज्यांना आपली किंमत मनातल्या मनात ठाऊक असते, ती माणसे असले तपास करत नाहीत.

त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. घरात शिरल्यावर आधी तो स्टूल मागे, मग जुने वर्तमानपत्र, मग दात घासून झिजलेला ब्रश. स्टुलावर चढून झाकण उघडी, आत डोकावे, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करी, आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येऊन नातेवाइकांना गाठणाऱ्या सर्जनच्या चेहऱ्याने मागे वळून विचारी,

"याला आधी कोणी हात लावला होता?"

या प्रश्नाने भलेभले घरमालक चपापत. घरात आपल्या नकळत काहीतरी भयंकर घडून गेले आहे असे त्यांना वाटे. एसीला आधी कोणीतरी हात लावलेलाच असतो. तो काही आकाशातून भिंतीवर उतरत नाही. घरमालक आठवून आठवून सांगे, "मागच्या वर्षी बाजाराच्या पलीकडचा तो आला होता."

"तरीच."

या एका शब्दावर त्याचा अर्धा धंदा चाले. 'तरीच' म्हटले की आधी येऊन गेलेला माणूस नालायक ठरे, आत्ता आलेला जाणकार ठरे, आणि नेमके काय बिघडले आहे हे विचारायचे राहून जाई. उरलेला अर्धा धंदा गॅलरी सांभाळी.

अन्याय नको म्हणून सांगितले पाहिजे, की धूळ तो सुरेख काढी. जाळी धुऊन, वाळवून, परत बसवताना तिच्यावरून हात फिरवी. आणि घरगुती एसीचे निम्मे आजार धुळीचेच असल्यामुळे निम्म्या घरांत तो खरोखर गुणी ठरे. ज्या घरात धूळ निघूनही गारवा येत नसे, तिथे तो पाइपावर पांढरी टेप गुंडाळी, थोडा गॅस भरी आणि गिऱ्हाइकाला गॅलरी दाखवी. भाजून आत आलेल्या माणसाला भट्टीचे दारसुद्धा सुखाचे वाटते. मग संध्याकाळ होई, ऊन आपोआप उतरे, त्याचे श्रेय एसीला जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा जीव उकडून निघाला, तर यंदा उन्हाळाच फार आहे, असे सांगायला वर्तमानपत्रे बसलेलीच होती. शिकलेल्या माणसाचा आपल्या घामापेक्षा छापलेल्या आकड्यावर जास्त विश्वास असतो. फर्स्टक्लासचा संसार या विश्वासावर उभा होता.

बाजाराच्या पलीकडच्या मेकॅनिकला सगळे 'पलीकडचा' म्हणत. तो आणि फर्स्टक्लास एकमेकांना कधीही भेटले नव्हते. तरीही दोघांची जुनी ओळख होती. हा पांढरी टेप वापरी, तो काळी. झाकण उघडल्यावर काळी टेप दिसली की हा 'तरीच' म्हणे. पांढरी दिसली की तो म्हणत असणार, याबद्दल शंका नव्हती. वस्तीतल्या लोकांचे एसी वर्षानुवर्षे या दोघांमधली शिवीगाळ पोचवण्याचे काम करत होते. अधूनमधून गार हवाही देत.

फर्स्टक्लासच्या स्वतःच्या घरात एसी नव्हता. हे ऐकून कोणाला गहिवर आला तर तो आवरावा. घर वरच्या मजल्यावर होते, डोक्यावर नुसता स्लॅब, दुपारी भिंतीला पाठ टेकवत नसे, आणि टाकाऊ एसी मिळवणे त्याला अवघड नव्हते. पण घरात एसी बसवला असता तर तो चालावा लागला असता. कारण घरात बायको होती.

बायको शिवणकाम करी. उसवलेले शिवून देई, तंग झालेले सैल करून देई, आणि कापड जुनाट असेल तर "शिवण टिकेल, कापड टिकणार नाही. फुकट कशाला शिवता?" असे सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवी. लग्न झाल्यापासून तिच्या तोंडून 'छान' हा शब्द कोणी ऐकला नव्हता. तिचा सगळ्यात वरचा शेरा 'ठीक आहे'. लेकीने पसंत केलेला मुलगा घरी आला तेव्हा त्याला नीट न्याहाळून ती म्हणाली, "ठीक आहे." मुलाच्या आईचा चेहरा उतरला. लेकीने मात्र उठून आईला मिठी मारली.

नवऱ्याच्या कामाबद्दल तिने आजवर 'ठीक आहे' म्हटले नव्हते. घरी फोन आला आणि त्याचे हात कामात असले, तर ती उचलून सांगे, "आहेत, पाठवते. पण एसी चालायलाच हवा असेल तर दुसरं कोणी बघा." लोक खदखदून हसत. बायको किती विनोदी आहे तुमची, असे त्याला येऊन सांगत. तोही हसे. ती हसत नसे.

त्या उन्हाळ्यात गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना ती जिन्यात घसरली आणि नडगीचे हाड मोडले. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालून तिला खाटेवर निजवण्यात आले. डॉक्टर म्हणाले, "हालचाल अजिबात नको. आणि खोली गार पाहिजे, बरं का. घाम मुरला की प्लास्टरच्या आत कातडी सोलवटते. पाठ चिघळते. मग प्लास्टर कापावं लागेल, आणि हाड वाकडं जुळलं तर मला बोलायचं नाही." मग ते फर्स्टक्लासकडे वळून प्रसन्न हसले. "तुम्हाला काय म्हणा, घरचंच काम!"

डॉक्टर त्याचे जुने गिऱ्हाईक होते. त्यांच्या दवाखान्यालाही गॅलरी होती.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात प्राचार्यांचा मुलगा सुट्टीला आला होता. त्याने वडिलांच्या खोलीत एक रात्र काढली आणि सकाळी उठून नवा एसी मागवला. "अरे, आपला फर्स्टक्लास चालतोय की!" असे प्राचार्य कळवळून सांगत होते, पण मुलाचा सदरा पिळण्यासारखा झाला होता. जुना एसी भिंतीवरून निघाला. फर्स्टक्लासने तो पाइपांसकट खांद्यावरून घरी आणला, बायकोच्या खाटेसमोरच्या भिंतीवर बसवला, बाहेरचे युनिट गॅलरीत ठेवले, पाइप जोडले. स्टुलावर चढला. झाकण उघडले. जीभ टाळ्याला लावली. आणि सर्जनच्या चेहऱ्याने मागे वळला.

"याला आधी कोणी..."

पुढचे शब्द तोंडातच राहिले. प्राचार्यांच्या एसीला पहिल्या दिवसापासून त्याच्याखेरीज कोणाचा हात लागलेला नव्हता. पलीकडच्याचे बोट नाही, काळ्या टेपेचा तुकडा नाही. वरपासून खालपर्यंत सगळी पांढरी टेप.

"कोणी लावला होता?" खाटेवरून बायकोने विचारले.

"जुना आहे जरा," तो म्हणाला. "होतंय, होतंय."

त्याने जाळी धुतली, टेपेचा एक नवा थर चढवला, गॅस भरला आणि बटण दाबले. एसी घरघरला, थरथरला आणि चालू झाला.

"बघ," तो म्हणाला.

"बघतेय."

"गार वाटतंय का?"

"वारा येतोय."

"आणि गारवा?"

"तो मागून येत असेल. येऊ दे. मी कुठे चाललेय?"

संध्याकाळी लेक आणि जावई बघायला आले. जावई हा सासऱ्याला खूश ठेवण्यातच आपली हुशारी खर्च करणारा इसम होता. तापलेला जिना चढून धापा टाकत तो खोलीत शिरला आणि हात पसरून म्हणाला, "वा बाबा! काय गार केलंय! अगदी हिल स्टेशन!"

"तुम्ही बाहेरून आलात," सासूबाई म्हणाल्या. "इथं खुर्चीवर टेका जरा."

जावई टेकला. काही वेळाने त्याने रुमाल काढून मान पुसली. आणखी काही वेळाने सदऱ्याचे वरचे बटण सोडले. मग वाजतच नसलेला फोन कानाला लावून, "हो हो, आलोच," म्हणत तो जिना उतरून गेला तो वर आलाच नाही.

बायको छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही लोकांना गॅलरीत का उभं करता, ते आज कळलं."

आधीच घट्ट असलेला स्क्रू तो आणखी घट्ट करत होता.

"मला नेता येत नाहीये, ही तुमची पंचाईत झालीय," ती म्हणाली.

पुढचे दिवस फर्स्टक्लासने असे काढले, की रोज सकाळी गॅस भरायचा, रोज दुपारी तो कुठेतरी उडून जायचा. इतर मेकॅनिक करतात असे ऐकले होते म्हणून त्याने पाइपांना साबणाचा फेसही लावून बघितला. गळती असेल तिथे बुडबुडे येतात म्हणे. पण त्याने फेस लावला टेपेवरून. टेपेखाली बघायचे म्हणजे टेप सोडवावी लागली असती, आणि तो थर सोडवायला त्याचा हात धजेना. बुडबुडे आले नाहीत. त्यावरून गळती नाही असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला. संध्याकाळी बायको काही विचारण्याच्या आत तो म्हणे, "उद्या बघ फर्स्टक्लास करतो." जन्मभर लोकांना थापा मारलेल्या माणसाची अडचण अशी असते, की घरी परतल्यावर त्याच्याजवळ दुसरे काही बोलायला उरलेले नसते.

बायको कण्हत नव्हती. तेच वाईट होते. खाटेवर घामाने तिचा आकार उमटला होता. प्लास्टरच्या आत खाज सुटली की ती शिवणाची लांब पट्टी आत सरकवून हळूहळू खाजवी आणि एसीकडे, समोरच्या घरातल्या भांडणाकडे बघावे तसे, बघत राही.

लेक रोज आईला पुसून द्यायला येई. एका सकाळी तिने आईला कुशीवर वळवले आणि पुसता पुसता थांबली.

"बाबा, इकडे या."

"काय गं?"

"या, आणि बघा."

पाठीवर तळव्याएवढा लालभडक डाग उठला होता, आणि मधोमध कातडी पातळ, ओलसर दिसत होती. फर्स्टक्लासने बघितले. मग तो एसीकडे बघू लागला.

"तिकडे काय बघताय? इकडे बघा," लेक म्हणाली. "मी पलीकडच्याला बोलावतेय."

"माझ्या घरात? तो?"

"हो. तो."

"अगं, वेड लागलं का तुला? त्याने या जिन्यावर पाय ठेवला की संपलं. उद्या वस्तीभर होईल, फर्स्टक्लासचा एसी पलीकडच्याने दुरुस्त केला. परत कोणी दारात उभं करेल मला?"

"आणि आईची पाठ?"

"एक दिवस दे. उद्या फर्स्टक्लास..."

"बाबा, तो शब्द काढू नका. हात जोडते."

"बोलाव गं त्याला," बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आणि तुम्ही कशाला घाबरता? तुमचं तोंड कुठे पाहिलंय त्याने? तुम्ही गिऱ्हाईक व्हा. आयुष्यभर गिऱ्हाइकंच तर बघत आलात."

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडचा येणार होता. फर्स्टक्लासने सकाळपासून तयारी केली. हत्यारांची पिशवी आणि गॅसचा सिलिंडर मोरीत नेऊन त्यांच्यावर ओले कपडे टाकले. 'एसी दुरुस्ती' अशी दारावर असलेली पाटी काढून खाटेखाली सरकवली. इस्त्रीचा सदरा घातला, पायजमा बदलला, आणि हातात वर्तमानपत्र घेऊन खुर्चीवर बसला. वाचता वाचता मधूनच चष्म्यावरून एसीकडे बघण्याचा सरावसुद्धा केला. निवृत्त माणसाचे ढोंग त्याला झकास साधले. तसे ते अवघड नसतेच. काही समजत नाही पण आपल्याला विचारल्याशिवाय काही होता कामा नये, एवढा चेहरा करायचा असतो.

पलीकडचा आला. सुकलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नाकातून बोलणारा माणूस. त्याने स्टूल मागितले. मग जुने वर्तमानपत्र मागितले. फर्स्टक्लासने हातातले देऊन टाकले. मग तो म्हणाला, "एखादा जुना ब्रश असेल का हो? दात घासायचा?"

लेक ब्रश आणायला वळली. तिने बापाकडे बघण्याचे टाळले.

स्टुलावर चढून पलीकडच्याने झाकण उघडले. आत डोकावला. 'च्च' केले. आणि वळला. तोच चेहरा. फर्स्टक्लासला क्षणभर वाटले, आपण आरशात बघतो आहोत. पण आरशातल्या माणसाला इतका निर्लज्ज चेहरा करताना त्याने कधी पाहिले नव्हते.

"काकू, याला आधी कोणी हात लावला होता?"

लेक फरशीकडे बघत होती. फर्स्टक्लास आपल्या मोकळ्या हातांकडे बघत होता. ते मांडीवर नुसते पडले होते.

"प्राचार्यांकडून आणलाय आम्ही," बायको म्हणाली. "त्यांच्याकडे जो कोणी यायचा, त्याने."

यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटे बोलायला तिला आजही जमले नव्हते.

"तरीच," पलीकडचा म्हणाला. मग त्याने पाइपावरची टेप बोटाने चाचपली आणि नाकातून हसला. "पांढरी टेप! म्हणजे फर्स्टक्लास."

"कोण?" फर्स्टक्लासने विचारले.

"आहे एक. इकडेच राहतो कुठेतरी. तोंड नाही पाहिलं कधी, पण हात कुठेही ओळखीन. काका, या माणसाने जेवढे एसी मारले ना, तेवढे विजेनेसुद्धा मारले नसतील."

"फार वाईट काम करतो का?"

हा प्रश्न विचारायची काहीही गरज नव्हती. पण जिभेने दुखऱ्या दाताला पुन्हा पुन्हा जाऊन शिवावे, तसला तो प्रश्न होता.

"काम?" पलीकडचा म्हणाला. "वाईट करायला आधी करावं लागतं की नाही? गळतंय कुठून ते बघायचं नाही. गॅस भरायचा, वरून टेप मारायची, चालते व्हायचं. दुखणं पोटात आणि पट्टी डोक्याला."

"धूळ छान काढतो पण," बायको म्हणाली.

फर्स्टक्लासने वर पाहिले. लेकीनेही. 'छान' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता.

पलीकडच्याने जाळी काढून उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली. त्याला ते कबूल करणे जड गेले. "हां," तो म्हणाला. "जाळी स्वच्छ आहे. तेवढं मात्र करतो."

एका जन्माच्या कारागिरीला एवढे प्रशस्तिपत्र मिळाले. तेही शत्रूकडून, आणि कारागिराच्या तोंडावर, पण कारागीर कोण हे ठाऊक नसताना. फर्स्टक्लासने घसा खाकरला आणि खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचे चालले असल्यासारखा बघू लागला.

मग पलीकडचा टेप सोडवू लागला. एक थर निघाला, खाली दुसरा. दुसऱ्याखाली तिसरा, जरा पिवळट. त्याखालचा आणखी पिवळा, त्याखालचा चिकट, काळपट. दर उन्हाळ्याचा एकेक. फरशीवर टेपेचा ढीग साठत गेला. फर्स्टक्लासला त्यातला प्रत्येक थर ओळखता येत होता. हा प्राचार्यांचा मुलगा परदेशी गेला तेव्हाचा. हा त्यांच्या पत्नी वारल्या त्या वर्षीचा. तेव्हा प्राचार्यांनी गॅलरीत जायलाही नकार दिला होता, नुसते मानेने 'फर्स्टक्लास' म्हटले होते. सगळ्यात खालचा थर निघाला आणि पाइपाच्या वळणावर, जोडापाशी, नखाएवढी चीर दिसली. पहिल्या वर्षापासून ती तिथेच होती आणि तो तिला वर्षातून एकदा अंगरखा चढवत आला होता.

पलीकडच्याने डाग देण्याचे नळकांडे पेटवून जोड तापवला, चीर भरली, थांबला, फेस लावून बघितला, पुन्हा भरली. गॅस भरला. हे सगळे तो फारसे न बोलता करत होता, आणि ते न बोलणेच फर्स्टक्लासला जास्त लागत होते. शेवटी त्याने काळी टेप गुंडाळली, स्टुलावरून उतरला आणि हात पुसत म्हणाला,

"काका, आता असं करा. गॅलरीत जरा उभे राहता का? बाहेरचा पंखा नीट फिरतोय का, तेवढं बघा."

फर्स्टक्लास त्याच्याकडे बघतच राहिला. मग उठला आणि गॅलरीत गेला.

ऊन डोक्यात शिरत होते. कठडा हाताला चटका देत होता. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला. आणि फर्स्टक्लासला आनंद झाला. अलीकडे इतका आनंद त्याला झालेला नव्हता. पलीकडचाही गॅलरीवालाच! एवढे नळकांडे पेटवले, एवढा फेस लावला, एवढे शहाणपण सांगितले, आणि शेवटी येऊन टेकला तो आपल्याच गॅलरीत! म्हणजे त्या चिरेत काही नव्हते. म्हणजे एसी कोणालाच दुरुस्त करता येत नाही. जगात आहेत ते सगळे फर्स्टक्लासच. आत बायको उकडत पडणार होती, पाठीचा डाग चिघळणार होता, आणि हा गृहस्थ उन्हात उभा राहून मिशीत हसत होता. माणसाला सुखी करायला फार लागत नाही. शेजारचाही आपल्याइतकाच खोटा निघाला, एवढे पुरते.

"या काका आत! कसं वाटतंय?"

तो आत आला. अंगावर गारव्याचा झोत आला. पण हा झोत तो ओळखून होता. त्यानेच तो घरोघरी वाटला होता.

"फर्स्टक्लास," तो म्हणाला.

पलीकडच्याच्या चेहऱ्यावर सुईने टोचल्यासारखे काहीतरी झाले. "तो शब्द नका वापरू काका. आणि पुन्हा त्या माणसाचा हात लागू देऊ नका याला."

"नाही लागणार," फर्स्टक्लास म्हणाला.

लेक पलीकडच्याला पोचवायला खाली गेली. खोलीत ते दोघेच राहिले. फर्स्टक्लासने खुर्ची खाटेजवळ ओढली आणि तो बायकोच्या चेहऱ्याकडे बघत बसला. आता घाम सुरू होईल, असे तो मनाशी म्हणत होता. आधी कपाळावर, मग ओठाच्या वर, मग मानेखाली. त्याच्या अंगावरचा घाम वाळला. सदरा पाठीपासून सुटा झाला. तरी तो बसून राहिला. दुरुस्तीनंतर कुठल्याही घरात इतका वेळ तो कधी थांबलेला नव्हता; पुढे काय होते हे बघायची त्याची ही पहिलीच खेप होती. बाहेर अजून भर दुपार होती.

बायको डोळे मिटून पडली होती. ओठाच्या वर घाम नव्हता.

"उकडतंय?" त्याने हळूच विचारले.

ती झोपली असावी, असे त्याला वाटले. मग प्लास्टरमधला पाय सोडून तिने बाकीचे अंग आखडून घेतले.

"अहो."

"काय गं?"

"चादर द्या जरा."

त्याला पटकन कळलेच नाही. आजवर लोक 'अरे वा' म्हणाले होते, 'मस्त' म्हणाले होते, डोळे मिटून 'फर्स्टक्लास' म्हणाले होते. चादर कोणी मागितली नव्हती.

तो उठला. कपाटाच्या तळातून त्याने चादर काढली, झटकली आणि तिच्या अंगावर घातली. प्लास्टरमधून बाहेर आलेली पावलाची बोटे उघडी राहत होती. ती त्याने दोन्ही बाजूंनी नीट झाकली.

"ठीक आहे?"

"ठीक आहे," ती झोपेत म्हणाली.

फरशीवर पडलेला पांढऱ्या टेपेचा ढीग त्याने गोळा केला आणि तो हातात घेऊन गॅलरीत जाऊन उभा राहिला. दार मागे लोटून घेतले, आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. कठडा तापला होता. त्याला कोणी पाठवले नव्हते, आणि आत बोलावणारेही कोणी जागे नव्हते. बाहेरचा पंखा नीट फिरत होता. तो नजर न हलवता त्याच्याकडे बघत राहिला.